अवकाशविद्येचें शिक्षण

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक नवाच प्रश्न वारंवार दिसूं लागला आहे. 23 ऑगस्ट 2023 रोजीं चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशांत उतरलें, तेव्हांपासून घरोघरचीं मुलें 'आम्ही अवकाशयानाचें शिक्षण घेणार' असें म्हणूं लागलीं आहेत, आणि त्यांस काय उत्तर द्यावें तें वडील माणसांस सुचेनासें झालें आहे. आमच्या उदगिरांतल्याच एका एकत्र कुटुंबांत या प्रश्नावरून चांगलेच दोन तट पडले आहेत. नात दहावींत आहे व गणितांत हुशार आहे. काकांचें म्हणणें, तिनें लातुरास राहून जीवशास्त्र घ्यावें व डॉक्टर व्हावें. आजोबांचें म्हणणें, तिला रुचेल तें करूं द्यावें. आणि आजींचा प्रश्न सर्वांहून नेमका, 'हें शिकवितात तरी कोठें?' आम्हीही तेथूनच आरंभ करतों.

सरकारच्या अंतराळ विभागानें या विद्येकरितां 2007 सालीं केरळांत, तिरुवनंतपुराजवळ वलियमला येथें, एक स्वतंत्र संस्था काढली. तिचें नांव भारतीय अंतरिक्ष विज्ञान व तंत्रज्ञान संस्था. तेथें यानाचें शरीर व त्याचें इंजिन यांचा एक चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, यानांतील विद्युत्-यंत्रणेचा दुसरा आहे, आणि भौतिकशास्त्राकडे ओढा असणाऱ्यांसाठीं पांच वर्षांचा निराळा आहे. प्रवेश जे. ई. ई. ॲडव्हान्स्ड या परीक्षेच्या गुणानुक्रमानें मिळतो. पहिल्या कांहीं तुकड्यांचा शिक्षणखर्च सरकारनेंच सोसला होता. पुढें नियम बदलले. इस्रोंतील नेमणूकही ठराविक गुण राखणाऱ्यांसच, आणि तीही जागा असल्या तर, मिळते. 'प्रवेश झाला कीं सरकारी नोकरी पदरांत पडली' असें जें ओट्यावर बोललें जातें तें खरें नव्हे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्येंही विमान व अवकाश अभियांत्रिकीची शाखा आहे. दोन्हीं ठिकाणीं जागा थोड्या व उमेदवार फार.

परंतु हीं दोनच दारें मोजून जो निराश होऊन परत फिरेल, त्यास अवकाशयान म्हणजे काय हें उमगलें नाहीं असें आम्ही म्हणूं. पृथ्वीपासून पांचशें किलोमीटर उंचीवर उपग्रहास फिरत राहावयाचें तर सेकंदास सुमारें साडेसात किलोमीटर वेग लागतो. म्हणजे उदगिराहून लातूर दहा सेकंदांच्या आंत गांठावें इतका! हा वेग देणें हें कोणा एका विद्येचें काम नव्हे. पी. एस. एल. व्ही. या आपल्या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यांत सुमारें 139 टन घन इंधन असतें. प्राणवायु पुरविणारें अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि त्यांस धरून ठेवणारा रबरासारखा पदार्थ हीं सर्व एकत्र मळून सांच्यांत ओततात व घट्ट होऊं देतात. या गोळ्यांत बारीकशी भेग राहून गेली तर ज्वाला तींत शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब आवरेनासा होतो आणि कवच फुटतें. तेव्हां इंधन हें रसायनज्ञाचें, कवच हें धातुज्ञाचें, दिशा राखणें हें गणिताचें आणि आज्ञा पोंचविणें हें विजेच्या जाणकाराचें काम होय.

डॉ. वसंत गोवारीकर यांचेंच उदाहरण घ्या. हे 1933 सालीं पुण्यास जन्मले, इंग्लंडांत बर्मिंगहॅम विद्यापीठांत शिकले, आणि 1967 सालीं केरळाच्या किनाऱ्यावरील थुंबा येथें रुजू झाले. त्यांची विद्या रसायन-अभियांत्रिकीची. तिच्या नांवांत अवकाश हा शब्द नाहीं. तथापि भारतीय अग्निबाणांच्या घन इंधनाचा पाया घालण्यांत त्यांचा वांटा मोठा आहे. 1979 ते 1985 पर्यंत ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. याच काळांत, 10 ऑगस्ट 1979 रोजीं, आपलें एस. एल. व्ही.-3 हें पहिलें उपग्रहवाहक यान समुद्रांत पडलें, आणि 18 जुलै 1980 रोजीं त्याच जातीच्या यानानें रोहिणी उपग्रह कक्षेंत नेऊन सोडला. मधल्या अकरा महिन्यांत जी माणसें चूक शोधीत बसलीं, त्यांच्या धीराचें शिक्षण कोणत्या अभ्यासक्रमांत लिहून ठेवलेलें असतें तें आम्हांस ठाऊक नाहीं.

आपल्याच प्रांतांतील विद्यार्थ्यांची हकीकत तर याहून बोलकी आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना 1854 ची. तेथें त्या काळीं अवकाश अभियांत्रिकीची स्वतंत्र पदवी नव्हती. तरीही 2008 च्या सुमारास कांहीं विद्यार्थ्यांनीं स्वतः उपग्रह करावयाचा असें मनांत घेतलें. 'स्वयम्' हें त्याचें नांव. दहा सेंटिमीटरांचा ठोकळा, वजन एक किलोहून थोडें कमी; घरांतील पानाच्या डब्यापेक्षां लहानच म्हणावयाचा. त्यास दिशा देण्याकरितां मोटार नाहीं, इंधन नाहीं. आंत लोहचुंबक बसविलेला, आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाशीं जुळवून घेत तो आपोआप स्थिरावावा अशी योजना. पृथ्वीवरून निरोप घ्यावा, सांठवावा व दुसरीकडे सांगावा, हें त्याचें काम. 22 जून 2016 रोजीं श्रीहरिकोट्याहून एकोणीस इतर उपग्रहांसमवेत तो वर गेला. मध्यें आठ वर्षें गेलीं, आणि पदवी तर चार वर्षांची! ज्यांनीं पहिले आराखडे काढले तीं मुलें केव्हांच नोकऱ्यांस लागून पांगलीं होतीं. उपग्रह पुरा केला तो त्यांच्या मागून आलेल्यांनीं. आमच्या मतें विद्यापीठांत शिकण्यासारखें जें कांहीं आहे, त्यांतलें बरेंचसें या एका ठोकळ्यांत होतें.

आकाशाच्या अभ्यासास लोकांच्या पैशाचा आधार ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. चाळीसगांवाजवळ पाटण येथें यादवकाळचा एक शिलालेख आहे. सिंघण राजाच्या पदरीं असलेला ज्योतिषी चांगदेव यानें, आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून, तेथें मठ स्थापिला. त्याच्या दानाचा हा लेख शके 1128 चा, म्हणजे इ. स. 1207 च्या सुमाराचा. लेख संस्कृतांत आहे, पण मठास काय उत्पन्न द्यावयाचें हें सांगतांना तो मराठींत येतो. बाजारांतील विक्रीवरची लाग, तेलाच्या घाण्यावरची लाग, अशा किरकोळ रकमा! 'सिद्धान्तशिरोमणि' शिकणाऱ्याच्या दिव्यांत तेल्याच्या घाण्यावरचें तेल जळत होतें. सर्वसाधारण घरांतील मुलांस ही विद्या नव्हे, असें म्हणणाऱ्यांनीं तो लेख एकदां अवश्य पाहावा.

आतां व्यवहाराचें बोलूं. आमच्या भागांत हुशार मूल म्हणजे वैद्यकीकडे, हा दंडक इतका पक्का झाला आहे कीं अकरावीचा अर्ज भरतांना कित्येक घरीं गणित सोडून देतात. जी मुलगी गणितांत रमते तिचें गणित सोडविणें म्हणजे हें दार बाहेरून कडी लावून बंद करणें होय, जे. ई. ई. ला गणितावांचून बसतां येत नाहीं. काकांनीं येवढें तरी मान्य करावें. जीवशास्त्राची हौस असेल तर तोही विषय जोडीला घेतां येतो.

दुसरें, 'अवकाश' किंवा 'एरोस्पेस' अशी पाटी पाहून शेत विकूं नये. लाखों रुपये शुल्क घेणाऱ्या खासगी महाविद्यालयांत जाण्यापूर्वीं प्रयोगशाळा डोळ्यांनीं पाहावी व तेथील जुन्या विद्यार्थ्यांस चार प्रश्न विचारावे. इस्रोच्या अभियंत्यांच्या जागा प्रामुख्यानें यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स व संगणक या शाखांच्या पदवीधरांसाठीं निघतात, आणि पदवीस निदान 65 टक्के गुणांची अट असते. या शाखा आपल्या नांदेडास 1981 सालीं स्थापन झालेल्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेंतही आहेत. घराजवळ यांत्रिकी उत्तम शिकलेला विद्यार्थी दूर कोठें तरी अवकाशविद्या अर्धवट शिकलेल्याहून पुढें जाईल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

राहतां राहिला मुलीस इतक्या लांब पाठविण्याचा. लातुरास किंवा पुण्यास ती वसतिगृहांत राहिली तर चालते, मग तिरुवनंतपुरास कां चालूं नये, हें काकांनीं आम्हांस समजावून सांगावें. आजींनीं जेवणाची चौकशी केली आहे. शाकाहारी जेवणाची तिकडे अडचण नाहीं. मात्र भात दोन्हीं वेळां, खोबरेल तेल पुष्कळ, आणि ज्वारीची भाकरी विसरावी. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बरोबर द्यावा. तो महिनाभर टिकतो.