प्रकल्प अहवाल : आधी अरण्याचे पंचांग, मग यंत्रांची यादी

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक तरुण वैद्य आणि औषधी दुकानदार स्वतःची लहानशी निर्मितीशाळा उभारण्याचा विचार करू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. हिरडा, बेहडा, आवळा, धायटी, भिलावा, कुडा ही द्रव्ये ज्या भूमीत वाढतात, त्याच भूमीत त्यांचे कल्प सिद्ध व्हावेत, याहून स्वाभाविक काय असावे? परंतु बँकेत सादर करण्यापूर्वी जे प्रकल्प अहवाल आमच्या अवलोकनार्थ येतात, ते वाचून मन साशंक होते. इमारत, दळणयंत्र, चाळणी, भट्टी, वेष्टनयंत्र यांचे सविस्तर तपशील त्यांत असतात. कच्च्या मालाविषयी मात्र एकच ओळ असते : ‘स्थानिक वनांत मुबलक उपलब्ध.’ आमच्या मते अनेक उद्योगांच्या अपयशाचे बीज याच एका ओळीत असते.

हा दोष आम्ही स्वतःही केला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी चूर्ण व क्वाथ निर्मितीचा अहवाल घेऊन आम्ही एका बँकेच्या शाखेत गेलो होतो. तेथील अधिकाऱ्यांनी पाने चाळून एवढेच विचारले, “वैद्यराज, आषाढात हिरडा कोठून आणणार?” आम्ही बारा महिन्यांची खरेदी समसमान विभागून दाखविली होती. द्रव्यसंग्रहणाचा काळ ज्यांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केला, त्यांना तो एका बँक अधिकाऱ्याने स्मरण करून द्यावा, याची लाज आम्हास आजही वाटते.

अरण्याचे पंचांग निश्चित आहे. आवळा हिवाळ्यात उतरतो; हिरडा व बेहडा साधारणतः पौषापासून फाल्गुनापर्यंत गोळा होतात; त्यांच्या मागोमाग धायटीची फुले, मोहफुले आणि चारोळी येते. वैशाखात तेंदूपाने तोडण्याचा हंगाम लागला की गावातील सारे हात तिकडे वळतात, आणि मृगाच्या सरींनंतर माल वाळविणेच दुरापास्त होते. म्हणजे वर्षभराच्या निर्मितीस लागणारी बहुतेक फळे व फुले चार-पाच महिन्यांतच खरेदी करून, वाळवून, साठवून ठेवावी लागतात.

याचा आर्थिक अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करू. समजा, एखाद्या निर्मितीशाळेस वर्षाला 12 लाख रुपयांचा कच्चा माल लागतो. अहवालात दरमहा 1 लाखाची खरेदी व दोन महिन्यांचा साठा धरून 2 लाखांचे खेळते भांडवल मागितले जाते. प्रत्यक्षात तीन-चतुर्थांश माल चार महिन्यांत येत असेल, तर त्या अवधीत 9 लाख रुपये मोजावे लागतील. पहिल्या हंगामात विक्रीचा रुपयाही हाती आलेला नसतो. पुढेही दुकानदारास दिलेली उधारी वसूल होण्यास दोन-तीन महिने जातात. मग उरलेले 7 लाख कोठून आणावयाचे? ज्याच्याकडे ते नाहीत, तो ठोक व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने, उधारीवर, कोणत्या वर्षीचा आहे हे ठाऊक नसलेला माल उचलतो. अथवा संग्राहकास ‘पुढच्या बाजारी देतो’ असे सांगतो. आठवडी बाजारातील व्यापारी जागेवर रोख मोजतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षी ती टोपली आपल्या दाराशी येत नाही. नवे दळणयंत्र तेव्हा रिकामेच फिरते.

यावर काही सभासद म्हणतील की, माल आला तसे चूर्ण करून ठेवावे, म्हणजे जागा व चिंता दोन्ही वाचतील. शास्त्र मात्र तसे सांगत नाही. शार्ङ्गधराने अखंड द्रव्याचे वीर्य सुमारे एक वर्ष, तर चूर्णाचे अवघे दोन महिने टिकते असे मानले आहे. द्रव्य अखंड स्वरूपात साठवावे व मागणीनुसार दळावे, हाच त्याचा व्यवहारातील अर्थ. म्हणून आपल्या उद्योगाचे खरे भांडवल यंत्रात नव्हे, कोठारात असते. चरकाचार्यांनी द्रव्याचे चार गुण सांगताना विपुलतेचाही अंतर्भाव केला आहे. विपुलता वनात असणे निराळे आणि ती योग्य काळी, योग्य स्थितीत, आपल्या कोठारात असणे निराळे.

अर्थसाहाय्याच्या योजनांचा विचारही याच दृष्टीने करावा. 2008 साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात निर्मिती उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा 2022 मध्ये 25 लाखांवरून 50 लाख रुपये करण्यात आली. ग्रामीण भागात सर्वसाधारण अर्जदारास 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आदी विशेष प्रवर्गांस 35 टक्के अनुदानाची त्यात तरतूद करण्यात आली. या योजनेच्या प्रकल्प खर्चात खेळत्या भांडवलाचे एक चक्र धरता येते, याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. पिठाच्या गिरणीचे चक्र महिन्याचे असेल. वनौषधीचे चक्र वर्षाचे आहे. हे अर्जदाराने स्वतः मासवार कोष्टक मांडून बँकेस पटवून दिले पाहिजे. दुसरे असे की, अनुदानाची रक्कम हाती मिळत नाही. ती बँकेत तीन वर्षे मुदत ठेव म्हणून राहते. तिच्यावर पहिल्या हंगामाची खरेदी भागेल, असे गृहीत धरणे आत्मघातकी ठरेल. अर्जापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रातून त्या वेळचे नियम तपासून घ्यावेत.

‘एवढे खेळते भांडवल बँक देणारच नाही,’ हा आक्षेप आम्हास ठाऊक आहे, आणि तो निराधारही नाही. त्यावर आमचे उत्तर असे की, मग यंत्रे कमी करावीत. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास अनुसूची ‘टी’मधील उत्तम निर्मिती पद्धतीच्या बंधनातून सूट आहे, परंतु औषध बाजारात विकावयाचे ठरले की परवाना अनिवार्य होतो, आणि आयुर्वेदीय निर्मितीशाळेसाठी ही अनुसूची 1200 चौरस फूट आच्छादित जागा अपेक्षिते. एवढा पसारा आरंभीच न मांडता, परवानाधारक दुसऱ्या निर्मितीशाळेत आपले औषध सिद्ध करून घेण्यासाठी कायद्याने ‘लोन लायसन्स’ची सोय ठेवलेली आहे. पहिली दोन-तीन वर्षे त्या मार्गाने जावे व आपला पैसा द्रव्यसंग्रह, वाळवण आणि कोठार यांत घालावा. यंत्र पुढेही विकत मिळते. तुटलेला विश्वास मिळत नाही.

हा विश्वास कोणाशी जोडावयाचा? 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वननिवासी समाजाकडे दिली असून औषधी वनस्पती व कंदमुळे त्यांत समाविष्ट आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. उदाहरण बांबूचे असले तरी त्याचा बोध आपणासही लागू आहे : विक्रेता आता एकटा संग्राहक नसून ग्रामसभाही आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर 2012 मध्ये हक्क मिळाल्यानंतर, झाडांची हानी होते म्हणून तेंदूपानांची तोड बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. जे गाव हाती येणारा पैसा झाडासाठी नाकारू शकते, ते आपल्या कुड्याच्या सालीची मागणीही नाकारू शकेल, आणि ते योग्यच होईल. म्हणून साल व मूळ यांवर आधारलेला उद्योग आखताना पुनर्लागवडीचा खर्चही अहवालात असला पाहिजे. जैवविविधता कायद्यातील 2023 च्या दुरुस्तीने वैद्यांस काही सवलती दिल्या आहेत. तथापि निर्मितीशाळेने आपले स्थान राज्य जैवविविधता मंडळाकडून तपासून घ्यावे. कायद्याने सूट दिली तरी संग्राहकाचे ऋण फिटत नाही.

तात्पर्य, आपल्या अहवालाचे पहिले पान यंत्रांच्या किमतीचे नसावे. कोणते द्रव्य, कोणत्या गावाकडून, कोणत्या महिन्यात, किती, कोणत्या भावाने घेणार आणि त्याचे पैसे कोणत्या दिवशी देणार, हे त्या पानावर असावे. ग्रामसभेशी आधी बोलणी करून दर व मोजमाप लेखी ठरवावे, आणि तो करार अहवालास जोडावा. असे पान लिहिता आले तर पुढील पाने आपोआप सुचतील. लिहिता आले नाही तर बँकेत न जाता एक संपूर्ण हंगाम अरण्यात व आठवडी बाजारात घालवावा, अशी आमची सभासदांस कळकळीची विनंती आहे. आषाढातल्या हिरड्याचे उत्तर जवळ असेल, तरच कर्जाची मागणी करावी.