मधुमेह ‘मुळापासून’ घालवणारी जाहिरात घरात येते कुठून?

अंबरनाथ-बदलापूरच्या मधल्या चिखलोलीत काय किंवा राज्यात अन्यत्र काय, दुपारी टीव्ही लावला की मधुमेह ‘मुळापासून’ घालवणाऱ्या एखाद्या चूर्णाची जाहिरात केव्हा ना केव्हा दिसतेच. तिच्यावर विसंबून टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णाने इन्शुलिन बंद केले, तर रक्तात आम्ल साचून तो एक-दोन दिवसांतही अत्यवस्थ होऊ शकतो. घरच्यांचा राग मग वसुलीला येणाऱ्या केबलवाल्यावर निघतो. बहुतेकदा तो चुकीचा माणूस असतो.

उपग्रहावरचे सिग्नल एमएसओ, म्हणजे मोठा केबल चालक, आपल्या केंद्रात उतरवून घेतो आणि सांकेतिक स्वरूपात फायबरवरून पाठवतो. गल्लीतला केबलवाला फक्त ते घरापर्यंत नेतो. उलगडतो सेट-टॉप बॉक्स. अ‍ॅनालॉगच्या दिवसांत मधेच स्थानिक वैदूची पट्टी घुसवणे सोपे होते. डिजिटायझेशन मुंबईत 2012च्या अखेरीस आले, कल्याण-डोंबिवलीत 2013 मध्ये. अंबरनाथ, बदलापूर तिसऱ्या टप्प्यात होते आणि त्याची मुदत 31 डिसेंबर 2015 होती. आता आक्षेपार्ह जाहिरात एक तर वाहिनीची असते किंवा एमएसओच्या स्वतःच्या स्थानिक चॅनेलवरची.

कायदा कमी नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या जाहिरातींबाबतचा कायदा 1954चा आहे. मधुमेह, कर्करोग बरे करण्याचे दावे त्यात निषिद्ध आहेत. केबल नियमांतील सातवा नियम चमत्कारी गुणांच्या जाहिराती रोखतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तर जानेवारी 2021 मध्ये चमत्कारी यंत्रांच्या जाहिराती दाखवणाऱ्या वाहिन्यांनाही जादूटोणाविरोधी कायद्याखाली जबाबदार धरले. ‘आम्ही फक्त दाखवतो’ ही सबब तिथे चालली नाही, हे बरेच झाले.

जरब मात्र घटली आहे. केबल कायद्यातला तुरुंगवास 2023 मध्ये काढला गेला. आता ताकीद, समज किंवा पहिल्या वेळी 20 हजार रुपयांपर्यंत दंड. रोज तासन् तास माल विकणाऱ्यांच्या उलाढालीत ही रक्कम कुठे लागते?

चिखलोलीकरांनी केबल चॅनेलची तक्रार ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. औषधाच्या दाव्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. चॅनेल, तारीख, वेळ टिपून ठेवावी. स्थानिक चॅनेलवर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असे दाखवणे नोव्हेंबर 2022च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बंधनकारक आहे. त्याचे चित्रण एमएसओला 90 दिवस जपावे लागते. तेव्हा तक्रार त्याआधी पोहोचायला हवी.