चालवणाऱ्याला फोन करू नका!

गणपतीसाठी गाड्या कोकणाकडे निघाल्या आहेत. पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत रात्रभर रांगा असतील. म्हणून हे आवाहन ड्रायव्हरच्याही आधी गावी वाट बघणाऱ्यांना: जो गाडी चालवतोय त्याला फोन करू नका.

माणगावला एकदा, पोलादपूरला एकदा, परशुराम घाट उतरताना पुन्हा एकदा 'खंय पावलात?' विचारणं मायेचंच असतं. पण तिकडे मुलगा एका हातात स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने खिसा चाचपत असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. नाव बघून फोन उचलेपर्यंत पाच सेकंद गेले, की गाडी रस्ता न बघताच ८० मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्यात डायव्हर्जनचा बोर्ड मागे पडतो, किंवा समोर दिवे न लावता उभा असलेला ट्रेलर येतो. त्यात पाऊस असला तर ब्रेक लागूनही गाडी घसरत जाते.

'ब्लूटूथवर बोलतोय, हात मोकळे आहेत' हे मला पटत नाही. हात मोकळे असतात, डोकं नसतं. जमिनीच्या वाटणीचा फोन असेल तर विचारूच नका! हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणाऱ्या दुचाकीस्वारांना मागचा हॉर्नही धड ऐकू येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार हातात फोन धरून गाडी चालवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १ ते ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

निघण्याआधीच मॅप लावा, त्याचा आवाज चालू ठेवा आणि फोन शेजारच्याच्या हातात द्या. एकटे असाल तर सायलेंट करून डिकीत टाका. बोलायचंच असेल तर पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलपाशी थांबा. घाटात, वळणावर, पुलावर गाडी कडेला घेऊ नका. गावच्या मंडळींनी खुशाली सुनेला विचारावी, नातवाला विचारावी. त्यांचे नंबर नसतील तर आजच मागून घ्या.

आणि खासगी बसने येणाऱ्यांनो, ड्रायव्हर फोनवर दिसला तर भिडेपोटी गप्प बसू नका. क्लीनरला सांगा, सगळ्यांनी मिळून सांगा. तरीही ऐकलं नाही, तर सरळ ११२ लावा.