हाड पुन्हा उगवतं, पण जाहिरातीत सांगतात तसं नाही

खडकी (पुणे) : मोडलेल्या माणसाला पुन्हा उभं करायचं काम खडकीला नवीन नाही. पहिल्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी 1917 साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे इथेच आली. पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखालून निकामी झालेल्या जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 पासून इथे चालू आहे. आता याच परिसराच्या दोन बाजूंना, पाषाण आणि लोणावळ्याला, गेलेलं हाड परत भरून काढायचं काम चाललंय. त्याच्या नावावर बाजारात काय काय विकलं जातंय, तेही गावाकडच्या माणसाला माहीत पाहिजे.

आधी हाडाचं समजून घेऊ. हाड म्हणजे मेलेलं लाकूड नव्हे. त्यात जुनं खाऊन टाकणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या पेशी कायम कामाला असतात, म्हणून साधं फ्रॅक्चर प्लॅस्टरमध्ये आपोआप जुळतं. अडचण येते ती मोठा तुकडाच उडाला तर, जंतू होऊन हाड सडलं तर, किंवा रक्तपुरवठाच बंद पडला तर. समजा ट्रॅक्टर उलटून नडगीचा दोन-तीन इंच तुकडा गेला. एवढी खिंड शरीराला एकट्याने बुजवता येत नाही. तिथे तीन गोष्टी लागतात. पेशींना धरून चढायला मांडव लागतो, बांधकाम करणाऱ्या पेशी लागतात आणि रक्त लागतं. वेल लावला आणि मांडवच घातला नाही तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आजही डॉक्टर पहिली पसंती देतात ती रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या तुकड्याला. त्यात मांडव आणि पेशी दोन्ही असतात. पण कमरेत किती हाड मिळणार? शिवाय दुसरी जखम होते ती वेगळी. मोठ्या खिंडीसाठी सैबेरियातल्या इलिझारोव्ह या डॉक्टरांची रिंगांची पद्धत आहे. हाड कापून दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने ताणायचं, मधल्या जागेत नवं हाड तयार होतं. महिनोन्महिने पायात लोखंड वागवावं लागतं, दुखतंही. पण पद्धत जुनी आणि तपासलेली आहे.

मांडव कृत्रिम करायचा प्रयत्न पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाला, तोही रेशमापासून. डॉ. अनुया निसळ यांचं काम यात आहे आणि त्यातूनच सेरिजेन नावाची कंपनी उभी राहिली. कोषाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात. वरचं चिकट सेरिसिन उकळून काढून टाकतात. आतलं मजबूत फायब्रॉइन विरघळवून त्याचं भोकाभोकाचं साहित्य बनवतात. ते हाडाच्या पोकळीत भरलं की पेशी त्या भोकांत शिरतात आणि बांधकाम सुरू करतात. रेशीम हळूहळू विरघळून जातं. जालन्याला 2018 पासून कोषांची बाजारपेठ आहे, तिथे भाव पडला की तुतीवाले हैराण होतात. त्याच कोषाचा असा उपयोग ऐकून बरं वाटतं. मात्र यामुळे कोषाचा भाव वाढेल असं कुणी समजू नये, औषधाला लागणारं रेशीम अगदी थोडं असतं.

पेशींचं काम लोणावळ्याला आहे. रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या दोन उत्पादनांना 2017 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी मंजुरी दिली. त्यातलं ऑसग्रो हे खुब्यासाठी आहे. रुग्णाच्या कमरेतून थोडा मगज काढतात. त्यातून हाड बांधणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवतात. मग खुब्याच्या मेलेल्या भागात छिद्र पाडून त्या सोडतात. पेशी वाढवाव्या का लागतात? कारण मगजातल्या एक लाख पेशींमध्ये हाड बनवू शकणाऱ्या मूळ पेशी जेमतेम एक ते दहा असतात. सकाळी मगज काढून दुपारी तोच टोचला आणि 'कोट्यवधी स्टेम सेल दिल्या' असं कुणी सांगितलं, तर हा आकडा आठवावा.

खुब्याचा हा आजार गावात समजून येतो तोवर उशीर झालेला असतो. जांघेत दुखतं, मांडी घालता येत नाही, माणूस लंगडायला लागतो आणि घरचे म्हणतात कंबर भरली असेल. खुब्याच्या गोळ्याचं रक्त बंद होऊन हाड आतून मरत असतं. दारू हे एक कारण, स्टेरॉइड हे दुसरं. कोरोनात स्टेरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांना हा आजार झाल्याचं मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलं होतं. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. पुडी घेतली की चार दिवसांत उड्या माराव्याशा वाटतात, त्याचं कारण बहुतेक वेळा तेच. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो, एमआरआयमध्येच कळतं. पेशींचा उपचार असो की नुसतं छिद्र पाडून दाब कमी करणं असो, ते गोळा चपटा होण्याआधीच चालतं. गोळा बसला की सांधा बदलणं हाच रस्ता उरतो, आणि तो काही वाईट नाही. पण हे न सांगता बसलेल्या खुब्यावरही इंजेक्शनांचा कोर्स विकला जातो. त्यासाठी ऊस बिलाचे पैसे आणि बायकोचे दागिने जातात.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा नेहमीचा उपचार म्हणून देता येत नाही, फक्त मंजूर चाचणीत देता येतो. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. 2019 च्या नियमांनी स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन 'नवीन औषध' ठरवलं, म्हणजे दिल्लीची मंजुरी हवीच. पाठीच्या कण्याचं तर आणखी वेगळं. तिथे मज्जातंतू तुटलेले असतात, आणि हाड भरून येतं तसे ते भरून येत नाहीत. खडकीच्या केंद्रात ज्यांचं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. जाहिराती मात्र गुडघा, खुबा, कणा, मधुमेह सगळं एकाच सुईने बरं करतात.

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. उत्पादनाचं नाव काय, औषध नियंत्रकांची मंजुरी नेमक्या कोणत्या आजाराला आहे, चाचणी असेल तर भारतीय चाचणी नोंदणीचा क्रमांक कोणता, आणि माझा एमआरआय कितव्या टप्प्याचा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर सरळ उठून यावं. सांधा बदलणं किंवा हाडाचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारता येतं. 155388 वर फोन लागतो.

आणि फ्रॅक्चर जुळत नसेल तर मिसरी, तंबाखू आणि बिडी आधी बंद. तंबाखूने हाडाचं रक्त कमी होतं आणि जुळायला वेळ लागतो, मग मांडव रेशमाचा असो नाहीतर स्वतःच्या कमरेचा.