सासूबाईंचे रुपये आणि लिलावाची बोली

आमच्या कांदिवलीत सध्या घरोघरी आवराआवर. इमारत पाडून नवी बांधायची म्हटली की माळा रिकामा करावाच लागतो. शेजारच्या वहिनींना परवा सासूबाईंच्या डब्यात चांदीचे अकरा राणीछाप, राजाछाप रुपये सापडले. चिरंजीव म्हणाले, "आई, ऑनलाइन लिलावात टाकू. एक रुपयापासून बोली लावू, लोक आपोआप चढवतील." वहिनी धावत माझ्याकडे आल्या.

मैत्रिणींनो, बोली चढायला निदान दोन हौशी गिऱ्हाइकं लागतात. एकच आलं, तर पहिल्याच किमतीला माल त्याच्या पदरात! म्हणून आधी तळची किंमत ठरवा. १९३९ पर्यंतचा राणीछाप-राजाछाप रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, त्यात चांदी साधारण १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयांत मात्र चांदी निम्मीच. त्या दिवशीच्या भावाने गुणाकार करा आणि त्याखाली बोली सुरूच करू नका.

वरची किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे पाहून हुरळू नका. तसलंच नाणं आधी कितीला विकलं गेलं, तेवढंच धरा. काही सालं दुर्मिळ असतात. १९३९ चा रुपया तर फारच, आणि त्याच्या नकलाही निघतात. असं नाणं आधी जाणकाराला दाखवा. टपालाचा आणि विम्याचा खर्च कोणाचा, तेही आधीच लिहून टाका.

आणि हो, चिंच लावून घासूनपुसून लख्ख करायला जाऊ नका! घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

"लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे फसवण्याचे प्रकार झाल्यावर बँकेने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं परदेशी गिऱ्हाइकाला पाठवू नका. १९७२ च्या कायद्याने त्याला मनाई आहे.

वहिनींनी सगळा हिशेब केला, दहा रुपये लिलावासाठी बाजूला काढले. अकरावा सासूबाई लक्ष्मीपूजनाला मांडायच्या. तो पुन्हा देव्हाऱ्यात गेला.