धाराशिवच्या महिलांनी जगाला पुरावा दिला. त्यांच्या वाट्याला काय आले?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची चाचणी आज जगभर पहिल्या पसंतीची मानली जाते. तिचा एक भक्कम पुरावा आपल्या मराठवाड्यातून गेला आहे, हे आपल्या किती तरुणांना ठाऊक आहे?

१९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण महिलांचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. गावांचे चार गट पाडले गेले. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतीने एकदाच तपासणी झाली. चौथ्या गटाला फक्त माहिती दिली गेली.

२००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटातील ३४,१२६ महिलांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ महिलांमध्ये हा आकडा ६४ होता. आयुष्यातील एकाच चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले.

त्या चौथ्या गटाला तपासणीविना का ठेवले, असा प्रश्न पुढे डॉक्टरांमधूनच विचारला गेला. आम्हालाही तो महत्त्वाचा वाटतो. ज्या गरीब महिलांच्या शरीरावर ज्ञान उभे राहते, त्या ज्ञानावर पहिला हक्क त्यांचाच असायला हवा.

प्रत्यक्षात काय झाले? २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीची शिफारस केली. ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी ती पुरेशी आहे आणि नमुना महिला स्वतःही घेऊ शकते. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के महिलांची या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झाली होती. देशात दरवर्षी जवळपास ८० हजार महिला या आजाराने मरतात. उपाय सापडला, पण तो वस्तीपर्यंत पोहोचला नाही.

आता लसीची चर्चा आहे आणि तिचे स्वागतच आहे. पण लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही. म्हणून लेकीला लस आणि आईला तपासणी, या दोन्ही मागण्या एकत्र करायला हव्यात.

कार्यकर्त्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे: गेल्या वर्षी किती महिलांची तपासणी झाली? दोष आढळलेल्या किती जणींवर उपचार पूर्ण झाले? उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करावा. महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय लाज न बाळगता मांडावा. अंगावरून जास्त जाणे, पाळी गेल्यावर रक्तस्राव होणे, हे ‘बाईचे दुखणे’ म्हणून सोसायचे नसते.

विज्ञानाने आपले काम केले आहे. उरलेले काम व्यवस्थेचे आहे, आणि ते करून घेणे आपले.