आधी तपासणी, मग पथ्य

मूल स्वमग्न किंवा अतिचंचल आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की हल्ली आमच्या इंदुरातील जुन्या मराठी घरांतही वडीलधारी माणसे प्रथम त्याच्या ताटाकडे वळतात. कोणी ब्राह्मी सुचवितो, कोणी माशाच्या तेलाच्या गोळ्या, तर कोणी गहू आणि दूध दोन्ही बंद करा म्हणतो. यामागील माया मला समजते. परंतु मायेनेही मोजमाप सोडू नये.

माझ्याकडे दहा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा गाणे शिकतो. कान इतका तयार, की तंबोऱ्याची तार केसभर उतरली तरी अस्वस्थ होतो. गेल्या वर्षी त्याचे गहू-दूध थांबविण्यात आले. अशी मुले पुष्कळदा ठरावीक चवीचे चार पदार्थच खातात. याची पोळी गेली, दहीभात गेला, पोहे तेवढे उरले. पुढे तो वर्गात भिंतीला टेकून बसू लागला. आजी म्हणाल्या, "मास्तर, पथ्य म्हटले की थोडा अशक्तपणा यायचाच." मी म्हटले, "आजी, एकदा रक्त तपासून घ्या." लोह आणि ब-१२ दोन्ही कमी निघाले.

यात नवल नाही. शाकाहारी घरात ब-१२ मिळते ते मुख्यतः दूध-दह्यातून. लोहाची उणीव तर घरोघर आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची शंभरांतील ६७ मुले रक्तक्षयी आढळली. लोह कमी पडले की लक्ष टिकत नाही, झोप चाळवते, आणि ते भरून काढल्याने गुणही येतो. पण हे उणीव भरणे झाले. मेंदूची घडण बदलणे नव्हे. गहू-दूध सोडल्याने स्वमग्नता कमी होते, याला चाचण्यांतून भक्कम आधार मिळालेला नाही. माशाच्या तेलाने अतिचंचलतेत झालाच तर अल्प फायदा. ब-६ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेने दीर्घकाळ घेतल्यास मात्र हातापायांच्या नसांना इजा होते.

पथ्याने मेंदू खरोखर वाचतो, असा फेनिलकीटोन्युरिया नावाचा जन्मजात विकार आहे. पण तेथेही नवजात बाळाच्या रक्ताची तपासणी आधी आणि पथ्य नंतर. हा क्रम आम्ही उलटा करतो.

तार गंजली असेल तर जरूर बदलावी. पण सतारीची सारंगी करण्याचा हट्ट कशासाठी?

त्या मुलाला डॉक्टरांनी औषध दिले, दहीभातही पुन्हा सुरू झाला. तो आजही फारसा बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. पण परवा भूप शिकताना पूर्ण तासभर ताठ बसला होता.